दहांतली एक

गेल्या मार्चमध्ये एका गुरुवारी रात्री दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. भूलतज्ज्ञ आहे, तीस वर्षं इंग्लंडमध्ये, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. आठवड्यात मधल्या वारी तो कधी फोन करत नाही, म्हणून मी आधी "मावशी बरी आहे ना?" असंच विचारलं. "आई ठणठणीत आहे," तो म्हणाला. "मला एक गाडी बघायचीय. तू सीटांचं काम करतेस ना? मग तूच चल. मला नुसती गाडी आवडते, तुला गाडी कळते."

मी सतरा वर्षं मोटारींच्या सीट्सवर काम करतेय, आधी पुण्यात, आता लेमिंग्टन स्पाला. आमच्या या वॉरिकशरच्या पट्ट्यात मराठी इंजिनिअर पुष्कळ. टाटांनी 2008 साली जग्वार-लँड रोव्हर घेतल्यापासून तर गेडनच्या रस्त्यावर सकाळी डबा घेऊन निघालेला पुणेकर दिसला नाही असं होत नाही. त्याच गेडनला ॲस्टन मार्टिनचा कारखाना आहे, आणि दादाला बघायची होती ती गाडी तिथेच जन्मलेली.

गाडी होती डीबीएस सुपरलेजेराची काँकॉर्ड एडिशन. 2019 साली काँकॉर्ड या आवाजाहून वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानाच्या पहिल्या उड्डाणाला 50 वर्षं झाली, तेव्हा ॲस्टन मार्टिनच्या ब्रिस्टलच्या डीलरने कंपनीकडून खास करवून घेतलेल्या फक्त 10 गाड्या. त्यांतली एक आता कुणीतरी विकायला काढली होती.

डीलर एडिशन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण दादालाही नीट ठाऊक नव्हतं. कंपनी स्वतः काढते ती लिमिटेड एडिशन वेगळी. इथे डीलर पुढाकार घेतो. तो एक कल्पना घेऊन कंपनीकडे जातो, ठरावीक गाड्यांची जबाबदारी घेतो, आणि कंपनीचा खास मागण्या पुरवणारा विभाग रंग, चामडं, कशिदा, पाट्या असं सगळं त्याच्या कल्पनेप्रमाणे करून देतो. ॲस्टन मार्टिनमध्ये या विभागाचं नाव 'क्यू'. गाडी कारखान्यातच तयार होते, पण विकतो तो एकच डीलर.

या दहा गाड्यांत काय वेगळं? छपरावर काळ्या कार्बनमध्ये विमानाची आकृती. पुढच्या-मागच्या कडांवर ब्रिटिश एअरवेजचे रंग. चालकाच्या सनव्हायझरवर माखमीटरचा, म्हणजे आवाजाच्या तुलनेत विमानाचा वेग दाखवणाऱ्या तबकडीचा, कशिदा. आणि स्टिअरिंगमागची गिअर बदलायची पॅडल्स काँकॉर्डच्या इंजिनातल्या कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या टायटॅनियमची. बोनेटखाली मात्र तेच 5.2 लिटरचं, दोन टर्बोंचं व्ही-12, तीच 725 पीएस ताकद, तोच ताशी 340 किलोमीटरचा कमाल वेग. साधी डीबीएस सुपरलेजेरा 2018 साली आली तेव्हा 2 लाख 25 हजार पाउंडांपासून सुरू होत होती. काँकॉर्ड एडिशन होती 3 लाख 21 हजारांच्या घरात. साधी गाडीही कुणी एक्स्ट्रा न घेता नेत नाही हे खरं, आणि या गाड्यांच्या विक्रीतून एका संस्थेला देणगी जायची होती हेही खरं. तरी एवढ्या फरकात गाडी एका इंचानेही जास्त पळत नाही.

उद्यमनगरात आमच्या बाबांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. कुणी चकचकीत रंगवलेला पार्ट आणला की बाबा म्हणायचे, "रंग ऱ्हाऊ दे, आधी जॉब दाखव." जॉब म्हणजे लेथवरून उतरलेलं खरं काम. गाडी बघायला निघाले तेव्हा माझ्या डोक्यात तेच होतं.

डीलर एडिशन रंगावर आणि दोऱ्यावरच का थांबते, याला कारण आहे आणि ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. इंजिनला, वजनाला किंवा एक्झॉस्टला हात लावला की धुराच्या आणि आवाजाच्या चाचण्या नव्याने, मंजुरी नव्याने. युरोपात 2018 पासून प्रत्येक नव्या गाडीला नव्या, कडक पद्धतीच्या चाचण्या लागू आहेत. दहा गाड्यांसाठी हा खर्च कोण उचलणार? सीटचंही तसंच. सीटच्या कडेला एअरबॅग असते ती एका ठरावीक शिवणीतून बाहेर फुटते. त्या शिवणीचा दोरा मुद्दाम कमी ताकदीचा असतो, टाके मोजलेले असतात. तिथे एक टाका इकडचा तिकडे झाला तरी आम्ही पुन्हा चाचणी घेतो. म्हणून सगळा कशिदा हेडरेस्टवर, पाठीच्या मधोमध, सनव्हायझरवर. दहांतली एक गाडी घेणारा जिथे हात फिरवतो ती जागा आमच्यासारख्यांनी आधीच 'इथे काही केलं तरी चालेल' म्हणून सोडलेली असते.

पूर्वी असं नव्हतं, आणि याच गोष्टीसाठी मला डीलर एडिशनचा इतिहास मनापासून आवडतो. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग गावात डॉन येन्को हा शेव्हरलेचा डीलर होता. कंपनीचा नियम असा की कॅमॅरो या आपल्या स्पोर्ट्स कारमध्ये 400 घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. हा गडी आपल्या वर्कशॉपमध्ये कॅमॅरोचं इंजिन उतरवून 427 घनइंचांचं, म्हणजे 7 लिटरचं, चढवायला लागला. 1969 साली त्याने टॅक्सीवाले आणि पोलीस खाती वापरत तो खास ऑर्डरचा रस्ता धरला आणि कंपनीकडूनच ते इंजिन बसवून सुमारे 200 गाड्या घेतल्या. त्याच सुमारास, 1967 मध्ये, फेरारीचा अमेरिकेतला आयातदार लुइजी किनेत्ती. फ्रान्समधली ल माँची 24 तासांची शर्यत तीनदा जिंकलेला माणूस. त्याने फेरारीच्या मागे लागून 275 जीटीबी/4 उघड्या टपाची करवून घेतली. ठरल्या होत्या 25, झाल्या 10, कारण गिऱ्हाईक मिळेना. यातली पहिली गाडी सेब्रिंगच्या 12 तासांच्या शर्यतीत डेनिस मॅक्लुगेज आणि पिंकी रोलो या दोघींनी चालवली आणि 17 वी आणली. हे वाचते तेव्हा मला त्या दोघींच्या हातांत ते स्टिअरिंग दिसतं. त्या दहांतली एक, एकाच कुटुंबाने नवी घेतल्यापासून सांभाळलेली, 2013 साली लिलावात 2 कोटी 75 लाख डॉलरना गेली. तीही दानासाठी.

डीलर एडिशन विकणारा सेल्समन आज हीच उदाहरणं देतो. दादालाही त्यांतलं एक ऐकवलं गेलं होतं. पण येन्को आणि किनेत्ती यांनी कंपनी जी गाडी बनवतच नव्हती ती बनवून घेतली. टप कापलं, इंजिन बदललं. सेल्समन त्यांचं नाव सांगतो आणि हातात रंगाचा नमुना देतो, तिथे मला राग येतो.

आणि अनुभव माझाही आहे. नऊ वर्षांपूर्वी मी एक छोटी दोन सीटांची गाडी घेतली, डीलरची 'खास मालिका', 25 तली एक. फिका निळा रंग, दारांवर दोन पट्टे, डॅशबोर्डवर क्रमांकाची पाटी. मला ती फार आवडायची. दोन वर्षांनी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कुणीतरी दाराला ठोकून गेलं. दुरुस्तीला गेले तर कळलं, तो रंग कंपनीच्या यादीत नाहीच. बाहेर कुठेतरी मारून घेतलेला, त्याचा कोड कुणाकडे नाही. डीलरने तोवर दुसऱ्या कंपनीच्या गाड्या घेतल्या होत्या, जुनी कागदपत्रं सापडेनात. इन्शुरन्सवाल्याने पाटीकडे बघितलंसुद्धा नाही, साध्या गाडीच्या भावाने हिशेब केला. नवं दार लावलं ते उरलेल्या गाडीहून अर्धी छटा गडद. विकेपर्यंत दर वेळी कुलूप लावताना मला ते दार दिसायचं.

म्हणून दादाला मी गाडी बघण्याआधी कागद मागायला लावले. कारखान्याने ही गाडी काय काय घालून बाहेर पाठवली त्याचं पत्र. रंगाचे कोड. पॅडल्सच्या धातूबद्दल लेखी काय आहे ते. इन्शुरन्स घ्यायचा तर रक्कम आधीच ठरवून घेतलेला, नाहीतर ठोकर बसल्यावर ती डीबीएस आणि ही डीबीएस एकच. या गाडीचा रंग 'क्यू'मधून आलेला, म्हणजे माझ्या निळ्या गाडीसारखं होणार नाही, हे मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं.

"आणि भाव वाढेल का?" दादाने विचारलं.

नाही, असं माझं मत आहे. याच डीबीएसवर केंब्रिजच्या डीलरने 24 गाड्यांची '59' एडिशन काढली होती, 1959 च्या ल माँ विजयाच्या नावाने. मग ही काँकॉर्ड. मग 2023 साली कंपनीने स्वतः 770 अल्टिमेट आणली, 770 पीएसची, 300 कूपे आणि 199 उघड्या. म्हणजे या मॉडेलची सगळ्यात ताकदवान आणि शेवटची गाडी कुठली, हे कंपनीनेच ठरवून टाकलं. उद्या संग्राहक आला तर आधी तिच्याकडे जाईल. दहाच आहेत हे खरं, पण दहाच असणं आणि अकराव्या माणसाला ती हवी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या डीबीएसच्या किमती नव्या भावावरून किती खाली आल्या आहेत ते जाहिराती बघणाऱ्या कुणालाही दिसतं. एडिशनच्या पायाखाली जमीन तीच आहे.

एवढं सगळं मी गाडीत त्याला बोलले. एम-5 हायवेवर पाऊस होता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तुला आईचा रविवार माहीतय?"

मला माहीत नव्हतं. 1994 च्या थंडीत तो आला तेव्हा त्याला विंडसरजवळ हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये खोली होती. रविवारी सकाळी तो कॉरिडॉरमधल्या फोनवरून कार्ड घालून कोल्हापूरला फोन करायचा. साडेदहाला न्यूयॉर्कचं काँकॉर्ड हीथ्रोवरून निघायचं. ते वरून जाताना खिडकीच्या काचा वाजायच्या, काही बोलता यायचं नाही, कार्डातले पैसे मात्र चालू. दादा नुसता रिसीव्हर धरून उभा राहायचा. तिकडे चारचा चहा ठेवलेली मावशीही गप्प. आवाज गेला की ती विचारायची, "गेलं का रे तुझं विमान?" पुढे पुढे ती कॅलेंडरवर नाही, त्या आवाजावर रविवार मोजायला लागली. एका रविवारी विमानाला उशीर झाला तर फोन ठेवायला तयार नाही. "थांब, अजून गेलं नाही," म्हणाली.

आम्ही गाडीआधी ब्रिस्टलजवळच्या फिल्टनला गेलो. ब्रिटनमधली काँकॉर्ड तिथेच जोडली गेली, तिथलंच पहिलं 9 एप्रिल 1969 ला उडालं, आणि सगळ्यांत शेवटी उडालेलं जी-बीओएएफ 26 नोव्हेंबर 2003 ला तिथेच उतरलं. आता ते त्याच गावातल्या संग्रहालयात उभं आहे. दादा त्याच्या पोटाखाली इंजिनांच्या बाजूला बराच वेळ उभा होता. ही ऑलिंपस इंजिनं इथूनच जवळ पॅचवेला बनली. त्या इंजिनांचा आवाज मावशीने सात हजार किलोमीटरवर, तारेतून ऐकला होता.

मग गाडी. मी माझं काम केलं. चालकाच्या सीटची उजवी कड थोडी दबलेली, चढताना-उतरताना होते तशी. शिवण सरळ. कशिदा सुंदर होता, हे मोकळेपणाने लिहिते. एवढ्या बारीक आकड्यांमध्ये दोरा कुठेच ओढला गेला नव्हता, ज्या कुणी गेडनला ते केलं त्यांना माझा नमस्कार. दादा आत बसला, इंजिन बंदच. त्याने उजवं पॅडल बोटांनी ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. मी बाहेरून हात घालून दुसरं पॅडल धरून बघितलं. थंडगार, आणि कडेला कसलाही लाड न केलेलं. संपूर्ण गाडीत मला जॉब वाटला तो हा.

परत येताना मी त्याला हिशेब असा सांगितला. त्याच वर्षाची, तेवढ्याच मैलांची, तेवढीच जपलेली साधी डीबीएस कितीला मिळते ते काढ. तेवढे पैसे गाडीचे. त्यावर जे देशील ते त्या दोन पॅडल्सचे, आणि ते परत येणार नाहीत असं समजूनच दे. दुसऱ्या कुणाने विचारलं असतं तर मी "घेऊ नका" एवढंच म्हटलं असतं. ज्याने ते विमान कधी ऐकलं नाही, त्याने त्या पैशांत साधी डीबीएस घ्यावी आणि उरलेल्या पैशांत ती आल्प्सपर्यंत नेऊन आणावी. पण दादाची गोष्ट डीलरने त्याला विकलेली नव्हती. ती त्याच्याकडे गाडीच्या पंचवीस वर्षं आधीपासून होती.

वहिनीसमोर बसून त्याने कागदावर साध्या गाडीचा भाव लिहिला आणि त्यापुढे अधिक 15 हजार. विकणाऱ्याने त्याहून बरंच जास्त मागितलं आहे. दादाने आकडा कळवला, आणि यापुढे जाणार नाही हेही. उत्तर अजून आलेलं नाही. त्याने पॅडलचा फोटो मावशीला पाठवला होता. तिने तो मोठा करून बघितला आणि विचारलं, हे पातं वाजतं का.