दुनळीची नोंद: उजवी नळी वाजली, डावी थांबली आहे

मागची नोंद पावसाळ्याच्या तोंडावर टाकली होती. आता कळवायला आनंद होतोय की आजोबांच्या दुनळीची उजवी नळी वाजली. चार बार काढले, चारही ठीक.

नवीन मंडळींसाठी: बारा बोअरची, बर्मिंगहॅमची बंदूक आहे. आजोबांनी मुरबाडकडच्या शेतावर रानडुकरं हाकलायला ठेवली होती, वारसाहक्काने ती माझ्या परवान्यावर आली. घरात माळ्यावर अशी एखादी पडून असेल तर 'जुनी आहे, शोभेची आहे' या भरवशावर राहू नका. वाजू शकणारी बंदूक कितीही जुनी असली तरी परवाना लागतो, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच ठेवता येतात. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही आचारसंहितांत ती पोलीस ठाण्यात जमा होती. ते वर्ष तसंच गेलं.

खरं काम सुरू झालं ते नळ्या उतरवून उलट्या धरल्यावर. खालच्या सपाट भागावर मुकुटाखाली नळीच्या चाचणीचे तीन ठसे आहेत: बीपी (काळ्या दारूची चाचणी), बीव्ही (तपासणी), एनपी. एनपी म्हणजे नायट्रो, अर्थात बिनधुराच्या दारूची चाचणी. बर्मिंगहॅममध्ये हा ठसा १९०४ पासूनचा. शेजारी चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेची, लांबी अडीच इंच आणि छर्‍यांचं वजन १ १/८ औंस, म्हणजे जवळपास ३२ ग्रॅम. चेंबरची लांबी मारायची पद्धत १९२५ नंतरची, त्यामुळे बंदुकीचं वय आपोआप कळलं. तुमच्या नळीवर एनपी नसेल आणि पोलादावर लाटांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती पट्ट्या पिळून, वेटोळून, ठोकून जोडलेली दमास्कस नळी असू शकते. तिच्यात आजचं काडतूस घालू नका. जोड आतून खाल्लेला असला तरी बाहेरून चकाचक दिसतो.

अडीच इंची चेंबरबद्दल जरा सविस्तर, कारण चूक इथेच होते. दुकानात मला सरळ ७० मिलिमीटरची काडतुसं काढून दिली. म्हटलं, चेंबर ६५चं आहे. उत्तर मिळालं, "बसतंय ना साहेब? मग वाजणार." बसतं, हेच तर वाईट! ७० हा आकडा काडतूस वाजून तोंड उघडल्यानंतरच्या लांबीचा असतो. भरलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं, म्हणून ते आखूड, आणि अडीच इंची चेंबरमध्ये अगदी सुखाने बसतं. बार उडाला की तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, छर्‍यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. मी रिकाम्या हाताने परतलो. ६५ची, २८ ग्रॅमची काडतुसं दुसरीकडून मागवून मिळेपर्यंत चार महिने गेले. त्या चार महिन्यांचं मला काही वाटत नाही.

मोजमापासाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये काम करणारा मित्र गेज घेऊन घरी आला. बंदूक घराबाहेर गेली नाही, कारण परवाना नसलेल्या वर्कशॉपमध्ये ती सोडता येत नाही. नळीच्या मागच्या टोकापासून नऊ इंचांवर उजव्या नळीचा व्यास ०.७३६ इंच भरला. बारा बोअरचा मूळ आकडा ०.७२९. ०.७४० गाठला असता तर ती ठशातल्या मापाबाहेर गेली असती. नळीच्या भिंतीची जाडी सगळ्यात पातळ जागी २८ थाउ (इंचाचे हजारावे भाग). २० थाउच्या खाली असती तर मी तिला कायमची भिंतीवर टांगली असती.

मग नळ्या बोटावर अधांतरी धरून लाकडी दांडीने हलकेच टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला, म्हणजे दोन नळ्या जोडणाऱ्या मधल्या पट्टीचं डाखकाम पक्कं आहे. सुटलेलं असतं तर खरखर आली असती. तो नाद ऐकताना आजोबा आठवले.

खाडीच्या हवेत चामड्याची पेटी ओल धरते. त्यामुळे आता फक्त रेंजवर नेताना पेटी, एरवी कपाटात तोंड खाली करून उभी. तेल दस्त्याच्या लाकडात झिरपून ते मऊ होऊ नये म्हणून. दस्त्याला जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, अक्रोडाच्या रेषा वर आल्या.

रेंजवर पुढचा, म्हणजे उजव्या नळीचा, चाप ओढला. धक्का वाटला होता त्यापेक्षा मऊ. प्रत्येक रिकामं काडतूस हातात घेऊन पाहिलं: टोपीवर ठोशाची खूण मधोमध, तोंड न फाटता स्वच्छ उघडलेलं.

डाव्या नळीत टोकापासून फूटभर अंतरावर चिमटीत जाणवेल एवढा पोचा आहे. पोच्यावरून छर्रे घासत गेले की तिथलंच धातू झिजतं. परवानाधारक कारागीर तो आतून उचलणार आहे, दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. तोवर डाव्या बाजूला फक्त रिकामं, सरावाचं काडतूस.