सोवळ्यातले कपडे

गुरुवार, रात्री

"आई, माझे कामाचे कपडे तू धुवायचे नाहीत." सोहम एवढंच म्हणाला आणि वर गेला. गॅरेजमध्ये त्याने झाकणाची वेगळी बादली ठेवली आहे. तिला हातसुद्धा लावायचा नाही म्हणे. आमच्या आजीचं सोवळं परवडलं!

इतकं काय लागलं मला? शी-शूपासून सगळं धुतलं ह्याचं, आणि आता युनिफॉर्मला माझे हात चालत नाहीत. हे म्हणाले, "बरंच झालं, तुझं एक काम कमी." ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही. वन्संचा आज परत फोन. कॉलेजचं विचारत होत्या. जाऊ दे.

जेवताना मुद्दाम काही बोलले नाही, तर तोच सांगू लागला. पाइपांच्या इन्सुलेशनचं काम शिकतोय ना तो, त्या ॲप्रेंटिसच्या वर्गात अजून पाइपला कव्हर घालणंच चाललंय. भरल्या भेंडीला देतो तशी उभी चीर असते त्या फायबरग्लासच्या नळीला, ती उघडून पाइपवर बसवायची. थंड पाण्याच्या लाइनवर सांध्यात जरा फट राहिली की पाइपला घाम सुटतो आणि छत गळतं. बाही वर सरकली तेव्हा मनगटावर लाल पुरळ दिसलं. मी बघितलं, त्याने बाही खाली ओढली.

मग न्यूजर्सीतल्या पॅटरसन गावाचं निघालं. आपण साड्या घ्यायला जातो त्या बाजूलाच. तिथे ॲस्बेस्टॉसचा कारखाना होता (पूर्वी पाइपांना हेच गुंडाळायचे, त्याची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सर होतो) आणि डॉ. सेलिकॉफ त्या कामगारांना तपासायचे. पुढे त्या डॉक्टरांनी सोहमच्याच इन्सुलेशनवाल्यांच्या युनियनची माणसं तपासायला घेतली, 1943 च्या आधी धंद्यात आलेली, न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडची 632. 1962 पर्यंत फुप्फुसाच्या नाहीतर त्यावरच्या आवरणाच्या कॅन्सरने सहा-सात जावेत असा हिशेब होता. गेले 45. आणि कारखान्याची पायरीही न चढलेल्या बायकांना तोच आजार झाला, घरी आलेल्या कपड्यांच्या धुळीतून. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा वर्गात कोणी हललं नाही म्हणे.

"पण तू तर फायबरग्लासचं करतोस ना?"

"हो गं. त्याने नुसती खाज सुटते. पण जुन्या बिल्डिंगचं छत उघडलं की..." मग म्हणाला, कोशिंबीर वाढ.

म्हणजे माझ्याच काळजीने. कळलं. तरी लागलंच आहे, काय करू? काळजी करणं हे खातं माझ्याकडे होतं, ते न विचारता काढून घेतलं.

आत्ता खाली मशीन चालू आहे. कपडे काढून झाले की एकदा नुसतं पाणी फिरवायचं, काचेचे कण राहू नयेत म्हणून, हेही तोच करतो. बनियन उलटी काढून फेकणारा हा मुलगा! वर्षानुवर्षं माझ्या ओरडण्याने जे झालं नाही ते युनियनने थोड्या दिवसांत केलं. ह्यांचे मोजे अजून सोफ्याखालीच सापडतात. ह्या वयात ॲप्रेंटिस घेतात का, विचारायला हवं.