वडशाच्या वाटेवर तीन काळ्या

भिवापूरला एसटीत मिरचीची पोती चढली आणि पुढे नागभीडपर्यंत अख्खी बस शिंकत होती. ब्रह्मपुरी मागे पडली, वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. दिवाळी नुकतीच उरकलेली, म्हणजे झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भातल्या पट्ट्यात, मंडई (गावजत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्रभर नाटकं. मला मात्र ओढ होती ती रंगमंचासमोर बसणाऱ्या ऑर्गनवाल्याची.

ओळखीतून ज्या आतल्या गावी सोय झाली, तिथे मांडव अजून घालत होते. ऑर्गनवाले काका चहा पीत वायरी जोडत होते. "नागपूरवरून आले का जी? वाजवता का?" असं म्हणून त्यांनी सरळ कीबोर्डच पुढे सरकवला.

नागपुरात सहा महिने मी एकाच गोष्टीवर अडलो होतो: जॅझमध्ये मूळ कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) बाहेरचा ट्रायड, म्हणजे तीन सुरांचा कॉर्ड, वाजवून ताण कसा आणायचा. पांढरी दोनला, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, सा धरला की काफी थाट (ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध) अख्खा पांढऱ्या पट्ट्यांवर बसतो. जॅझवाले त्यालाच डी डोरियन म्हणतात. १९५९ च्या 'सो व्हॉट'मध्ये ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची मंडळी १६ मात्रागट, म्हणजे बार, तिथे राहतात, ८ बार अर्धा सूर वर जातात आणि ८ बारांसाठी परत येतात. पण तिथे सगळी मंडळीच सरकतात. खाली सा तसाच धरून एकटा वाजवणारा सरकला, की गंमत सुरू होते. काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच हा मेजर ट्रायड घेतला, तर कोमल रे आणि कोमल ध खटकतात, मधला म मात्र घरचाच. काळी तीन, काळी पाच, काळी एक घेतले, तर तिन्ही सूर परके!

तरी ते चूक वाटत नाही, कारण त्या तिघांचं आपसात जमलेलं असतं. सुटे परके सूर म्हणजे घसरलेलं बोट. ट्रायड म्हणजे दुसऱ्या गावचं नीट बांधलेलं घर. जॅझ पियानोवाला मॅकॉय टायनर डाव्या हाताने खालचे सा-प घणासारखे मारायचा, म्हणून उजवा हात कुठेही गेला तरी कानाला घर दिसत राहायचं. आपल्याकडचा तिरोभाव, म्हणजे चालू राग क्षणभर झाकणं, याचाच चुलतभाऊ असावा, हे माझं मत; पंडितांनी रागावू नये.

मी वाजवून दाखवलं. डावा हात सा-प, उजवा तीन काळ्यांवर, चांगला दोन बारभर. काका हसले. "कारीवर जा जी, कोन नाही म्हनते? पन वापस केव्हा येता?" (इकडे ळचा र होतो.) मग त्यांनीच वाजवलं: जाताना जी लय, तीच येताना, आणि बरोबर अर्धा सूर खाली, पांढरी चार-सहा-एकवर, समेच्या किंचित आधी. सहा महिने मी फक्त बाहेर कसं जायचं तेवढंच घोकत होतो.

रात्री अडीचच्या सुमारास नाटकातल्या भावाने भावावर कुऱ्हाड उचलली. काकांनी तीन काळ्या दाबल्या आणि धरून ठेवल्या. शेजारची आजी शालीतून उठून बसली. नटाचा संवाद लांबला, कुऱ्हाड तशीच वर, काळ्या तशाच दाबलेल्या. कुऱ्हाड खाली आली, तरी काका परत आले नाहीत. आई विंगेतून धावत आली, तेव्हा कुठे पांढरी दोन.

आजी म्हणाली, "हं," आणि पुन्हा शाल ओढून घेतली.