भात्याचा हात

जुलैतली गोष्ट आहे. पण अजून सकाळी पियानोसमोर बसले की आधी तीच आठवते, म्हणून लिहून काढते आहे.

राजारामपुरीत मी एकोणीस वर्षं पियानो शिकवते. माझा पियानो जुना, उभा, मुंबईहून टेम्पोत गाद्या घालून आणलेला. कोल्हापूरच्या पावसात त्याला जपणं हे शिकवण्याइतकंच मोठं काम आहे. खालच्या फळीआड कमी वॅटचा एक बल्ब जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रात्रंदिवस जळत असतो, आतली हवा कोरडी राहावी म्हणून. तरी साऊंडबोर्ड, म्हणजे तारांमागची लाकडी फळी, ओल धरतो, मधल्या सप्तकाचे सूर चढतात, एखादी पट्टी दाबली की वर यायचं नाव घेत नाही. ट्यूनर पुण्याहून येतो. दोनशेच्या वर तारा एकेक करून लावतो, आणि पंधरा दिवस संततधार झाली की सगळं पुन्हा हललेलं.

मुलं बहुतेक परीक्षेसाठी येतात. परदेशी बोर्डाच्या आठ ग्रेड, प्रत्येक ग्रेडला मोजक्या रचना, स्केल्स म्हणजे सुरांचे आरोह-अवरोह, आणि साइट रीडिंग म्हणजे न पाहिलेली रचना वाचून लगेच वाजवणं. वर्षभर त्याच रचना घासायच्या आणि सर्टिफिकेट फ्रेम करायचं. मला हे पटत नाही. पण पालकांना परीक्षेची तारीख लागते, नाहीतर मूल काही शिकतंय असं त्यांना वाटतच नाही. मीही याच वाटेने आले.

त्या गुरुवारी सकाळपासून झड लागली होती. चारच्या बॅचला सहापैकी एकच मुलगी आली. अकरा वर्षांची, शिवाजी पेठेतून, आजोबांच्या स्कूटरवर मागे बसून. आजोबांना मी काका म्हणते. वर्षभर ते तिला आणतात आणि तास संपेपर्यंत दाराजवळच्या खुर्चीत बसून राहतात. पेठेतल्या भजनी मंडळात चाळीस वर्षं त्यांची पेटी आहे. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं होतं, "बाई, मला यील का ओ हे शिकायला?" मी म्हणाले होते, "काका, पेटीचा हात एकदा बसला की पियानोला वळत नाही. आणि डाव्या हाताचं तर या वयात फारच अवघड." त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विषय काढला नाही. पेटीवाल्यांबद्दल आम्हा पियानोवाल्यांच्या मनात एक अढी असते, आणि ती मी नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावात बसून बाळगत होते.

साडेचारला लाइट गेली. डिजिटल पियानो बंद पडला, म्हणून मुलीला मोठ्या पियानोवर बसवलं. तिची परीक्षेची संथ रचना होती, लांब लांब सुरांची. तिने मोजून, न चुकता वाजवली. मी "छान" म्हणाले.

मागून काका म्हणाले, "बाई, एक इचारू? ह्यो सूर मधीच विझतोय, आन ही फुडचा नव्यानंच मारतीया. जोडत न्हाई."

मी म्हटलं, "जोडतेय की. बोटं बघा तिची. पुढची पट्टी खाली जाईपर्यंत ती मागचं बोट उचलत नाही. यालाच लेगाटो म्हणतात."

"बोटं जोडत्यात ओ. सूर न्हाई जोडत."

मला राग आला, हे कबूल करते. पियानो म्हणजे पेटी नव्हे, हे त्यांना एकदा दाखवूनच द्यावं म्हणून मी वरचं झाकण उघडलं, पुढची फळी काढली आणि मोबाइलचा टॉर्च आत धरला. हा भाग दाखवताना मला नेहमी अभिमान वाटतो. पट्टी दाबली की हातोडी उडते, आणि तार दोन-तीन मिलिमीटर उरली की पट्टीपासून सुटते. शेवटचं अंतर ती स्वतःच्या वेगावर जाते, तारेवर आपटून मागे येते. तशी सुटली नसती तर तारेला चिकटून बसली असती आणि सूर तिथेच दबला असता. १७०० च्या सुमारास इटलीत क्रिस्तोफोरी या वाद्य बनवणाऱ्या कारागिराने ही युक्ती बसवली, तेव्हा कुठे बोटाच्या जोराप्रमाणे लहान-मोठा वाजणारा पियानो झाला. काकांनी एक पट्टी अगदी सावकाश दाबली. हातोडी वर गेली, तारेजवळ सटकली आणि आवाज न करता परत आली. त्यांनी तसं चार-पाच वेळा करून पाहिलं.

"म्हंजे एकदा सुटला की आपला न्हाई," ते म्हणाले. "पेटीत सूर भात्यावर जगतोय. हितं सोडून द्यायचा." मग थोडं थांबून, "मग कान दिऊन बसायचं."

मी त्यांना स्टूल दिलं. त्यांनी काळी चार धरली, म्हणजे आमचा जी-शार्प, आणि उजव्या हाताच्या दोन-तीन बोटांनी एका अभंगाची चाल सुरू केली. पहिला सूर वाजवून थांबले. बाहेर पत्र्यावर पाऊस होता, तरी तो सूर खाली खाली जाताना मला ऐकू येत होता. पियानोचा सूर आधी झपाट्याने उतरतो आणि मग बराच वेळ बारीक रेंगाळतो. तो जिथवर उतरला होता, नेमक्या तेवढ्याच जोराने त्यांनी पुढचा ठेवला. त्याच्या पुढचाही तसाच. चढाला लागल्यावर थोडा थोडा जोर वाढवत गेले, शब्द जिथे संपतो तिथे पुन्हा सोडून दिला. एका सुरातून दुसरा निघत होता. हातोड्यांचं वाद्य आहे हे विसरायला झालं. आणि सगळा वेळ त्यांचा डावा हात मांडीशेजारी हवेत उघडत-मिटत होता, भाता मारल्यासारखा.

त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. पेटीवर सूर लागल्यापासून संपेपर्यंत भात्याने सांभाळावा लागतो, त्यामुळे सुराचा मधला भाग ऐकायची त्यांना चाळीस वर्षांची सवय. मी मात्र आयुष्यभर सुराची सुरुवात ऐकली. पट्टी बरोबर पडली का, वेळेवर पडली का, बोट तेच होतं का. एकदा सूर वाजला की माझं लक्ष पुढच्या सुरावर.

त्या रात्री मी आठव्या ग्रेडचा माझा शेरा शोधून काढला. परीक्षकांनी लिहिलं होतं की सूर अचूक आहेत, पण सुरांची ओळ गात नाही. तेव्हा मला वाटलं, त्यांना चढ-उतार जास्त हवे होते. मग वर्षानुवर्षं मी पेन्सिलीने खुणा करून लहान-मोठं वाजवत राहिले, मुलांनाही तेच शिकवलं. जर्मन संगीतकार बाखने १७२३ साली शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या इन्व्हेन्शन्स या छोट्या रचनांच्या पहिल्या पानावर म्हटलं आहे की दोन स्वरओळी स्वच्छ वाजवायला शिकावं, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे वाद्य गातंय असं वाजवायला शिकावं. ते पान मी दर वर्षी नव्या मुलांना वाचून दाखवते. अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारी ज्या गावात गायले, तिथे बसून वाचून दाखवते. पण "वाद्य गातंय असं वाजवणं" म्हणजे हाताने नेमकं काय करायचं, हे एकाही मुलाला मला सांगता आलं नव्हतं.

आता तासाची सुरुवात मी एकाच पट्टीने करते. दाबा, धरून ठेवा, पूर्ण विझेपर्यंत ऐका. मग पुढचा सूर त्याच्याशी मिळवून. खालचे सूर किती लांब टिकतात आणि वरच्या टोकाचे किती लवकर जातात, ते मुलं स्वतःच शोधतात. एका आईने विचारलं, "अर्धा तास एकच सूर? याची फी देतो का आम्ही?" तिची मुलगी पुढच्या महिन्यापासून येईनाशी झाली. मोठ्या मुलांचे हात बसलेले आहेत, त्यांच्याकडून हे निघत नाही, आणि त्याला जबाबदार मी आहे. जी शिकून गावाबाहेर गेली, ती तर तशीच वाजवत असतील.

काकांना मी दुसऱ्याच दिवशी फोन केला. म्हटलं, "काका, माझं चुकलं. शनिवारी सकाळी या." ते म्हणाले, "या वयात?" मी काही बोलू शकले नाही. पण आले, नातीची वही घेऊन.

आता डाव्या हाताला साथीचे सूर द्यायची वेळ आली आहे. म्हणजे तो हवेतला भाता थांबवावा लागणार. गेल्या शनिवारी त्यांचा डावा हात धरून मी खालच्या पट्ट्यांवर ठेवला, तर उजव्या हाताची ओळ लगेच तुटली. मी हात सोडला. तो पुन्हा मांडीशेजारी उघडू-मिटू लागला आणि ओळ सांधली. काका म्हणाले, "बसंल ओ हळूहळू." येत्या शनिवारी तो हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवायचा की आणखी काही दिवस तसाच राहू द्यायचा, हे माझं अजून ठरलेलं नाही.