पुणे ते लेह, तयारीची नोंद 4: किलोमीटर नाही, मुक्कामाची उंची

मी आणि दादा मोटारसायकलने पुण्याहून लेहला जाणार आहोत; मागच्या नोंदीत जूनमध्ये निघतो असं लिहिलं होतं. तो बेत आम्ही बदललाय. आता ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं आणि गणपती बसायच्या आत घरी परतायचं. यंदा गणपती सप्टेंबरच्या मध्याला आहेत, म्हणजे हाताशी एकवीस-बावीस दिवस आहेत. आईची अट एवढीच आहे की प्रतिष्ठापनेला दोघं घरात हवेत.

जून रद्द झाला तो राजस्थानातल्या चुरूमुळे. आमचा मार्ग नाशिकवरून धुळे आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग 52. कर्नाटकातल्या अंकोल्याहून निघालेला हा रस्ता सोलापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर करत धुळ्यात येतो आणि पुढे सेंधवा, इंदूर, कोटा, जयपूर, चुरू, हिसार असा पंजाबातल्या संगरूरपर्यंत जातो. अर्धा देश एकाच क्रमांकाच्या रस्त्याने पार करायचा, ही कल्पना मला पहिल्यापासून आवडली होती. पण जून 2019 मध्ये चुरूला 50.8 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. जॅकेट, नी-गार्ड आणि हेल्मेट घालून तशा उन्हात दिवसभर गाडी चालवायची माझी तयारी नाही. ऑगस्टअखेरीला तिथे उकाडा असेल, पण तो सोसवेल. उलट जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबनच्या आसपास पावसात दरडी कोसळतात, म्हणून त्या टप्प्यासाठी दोन दिवस मोकळे ठेवलेत.

आता मुख्य गोष्ट. गेले दोन महिने आमच्या तक्त्यात तारीख, कुठून, कुठे आणि किती किलोमीटर एवढेच रकाने होते. दादाचा पहिला आराखडा मनालीकडून चढून श्रीनगरकडून उतरायचा होता, कारण तो रस्ता जास्त थरारक. मी त्यात एक रकाना वाढवला: रात्री झोपणार ती जागा किती मीटरवर? तो भरताच आराखडा उलटा करावा लागला. मनालीकडून गेलं तर पहिल्या रात्री जिस्पा सुमारे 3,200 मीटर आणि दुसऱ्या रात्री सरचू जवळजवळ 4,300. एका दिवसात अकराशे मीटर चढून तिथेच झोपायचं. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. चढल्यावर दिवसा फारसं काही जाणवत नाही. डोकेदुखी, मळमळ बहुतेक रात्री सुरू होते, आणि सरचूला रात्री खाली उतरायचं म्हटलं तरी वाटेत खिंड आहे.

श्रीनगरकडून गणित बरं बसतं. श्रीनगर सुमारे 1,600 मीटर, सोनमर्ग 2,700. दुसऱ्या दिवशी झोजिला ('ला' म्हणजे खिंड) 3,500 च्या वर ओलांडायचा, द्रासमधून जायचं, पण झोपायचं कारगिलला, परत 2,700 च्या आसपास. दिवसा उंच जाऊन रात्री खाली येणं शरीराला मानवतं. तिथून 4,100 मीटरचा फोतू ला ओलांडून लेह, 3,500. इथे मात्र एकदम आठशे मीटर वाढतात, ते टाळता येत नाहीत. म्हणून लेहमध्ये दोन पूर्ण दिवस गाडीची किल्लीही हातात घ्यायची नाही, असं ठरलंय. दादा पहिल्यांदा कुरकुरला. मी म्हटलं, "तू रकाना बघ आणि मग बोल." बघितल्यावर त्यानेच लेहपलीकडचं नुब्रा खोरं यादीतून काढलं. मनालीचा रस्ता परतीला ठेवलाय. तोवर शरीर सरावलेलं असेल, त्यामुळे 5,300 मीटरचा तांगलांग ला आणि वाटेतला उंचावरचा मुक्कामही सोसवेल.

या महिन्यातलं दुसरं मोठं काम ट्यूबचं. माझ्या हिमालयन मोटारसायकलला तारांची चाकं आहेत, टायरच्या आत ट्यूब. सरचूच्या पठारावर पंक्चरवाला कुठे शोधणार? तीन रविवार अंगणात मागचं चाक काढलं. पहिल्या वेळी दोन तास लागले आणि टायर बसवताना लिव्हरमध्ये नवी ट्यूबच चिमटून फाटली. डोळ्यांत पाणी आलं. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे टायर घेऊन गेले. ते म्हणाले, "ताई, जोर लावू नका. समोरची कड रिमच्या मधल्या खोलगटात पायाने दाबून धरा, मग इकडची आपोआप सैल पडते." ट्यूबला पावडर लावायची आणि आत घालण्याआधी किंचित हवा भरायची, हेही त्यांनीच शिकवलं. तिसऱ्या रविवारी शेवटची कड नुसत्या हाताने आत गेली, आणि ती आत जातानाचा 'टप्' आवाज अजून कानात आहे. सगळं मिळून पन्नास मिनिटं. पुढचं एकवीस इंची चाक अजून काढून बघितलेलं नाही.

सामान लादून माळशेजला एक फेरी झाली. सगळं वजन मागे गेल्याने घाटाच्या वळणांवर हँडल हलकं लागत होतं. आता हत्यारं आणि सुटं साहित्य टाकीच्या बाजूच्या पिशव्यांत आणलंय. कपडे मागे, तंबू रद्द. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून दोघांनीही पोस्टपेड घेतलं.

पेट्रोलचा हिशेब बाकी आहे. मनालीकडच्या तांडीच्या पंपावरची "पुढचा पंप 365 किमीवर" ही पाटी सगळ्यांना माहीत आहेच; आम्ही उलट बाजूने येणार, तेव्हा लेहजवळच्या कारूला टाकी भरून निघायचं. माझी टाकी 15 लिटरची. पुण्यात लिटरला तीस मिळतात, पण विरळ हवेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना पंचवीस धरले तर जेमतेम पुरेल. पाच लिटरचा कॅन घ्यायचा हे नक्की, पण तो डाव्या क्रॅशगार्डला बांधला की पाय अडकतोय. परतीला त्या बाजूने आलेल्या कुणी कॅन कुठे बांधला होता, ते फोटोसकट कळवा. येत्या रविवारी मी तो उजव्या बाजूला बांधून सिंहगडावर जाऊन येते.