मुदत मागितली, माफी मिळाली

प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, आधीची शनिवारची संध्याकाळ तयारीसाठी राखावी, असं मंडळीत सांगतात. पण तयारीत नेमकं करायचं काय, हे फारसं कोणी उलगडून सांगत नाही. माझ्या मते बायबलमधलं मत्तय 18:21-35 उघडावं आणि हातात पेन घ्यावं, कारण तिथे येशूनं सांगितलेली एक गोष्ट आहे आणि तिच्यात हिशेब आहे: राजा एका दासाचं प्रचंड देणं सोडतो, पण तोच दास बाहेर पडून सोबतीच्या दासाकडून आपलं येणं वसूल करायला जातो.

दासाकडे राजाचं देणं होतं दहा हजार तालांत. तालांत हे तेव्हाचं पैशांचं मोठं माप; एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. मत्तय 20 मधल्या द्राक्षमळ्यात हाच दर ठरला होता. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला कामाचे 300 दिवस धरले तर 2 लाख वर्षं! इतिहासकार योसेफस लिहितो की त्या काळचा शासक हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया हे त्याचे प्रांत मिळून वर्षाला 200 तालांत येत. तो सगळा महसूल 50 वर्षं साठवावा, तेव्हा हे देणं फिटणार.

सोबतीच्या दासाकडून येणं होतं 100 दिनार, म्हणजे जवळपास चार महिन्यांची मजुरी. ही रक्कमही किरकोळ नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात चार महिन्यांच्या पगाराइतकी उचल डोक्यावर असलेल्या कामगाराला विचारा, नाहीतर हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईला. माणसांनी आपलं केलेलं नुकसान खरं असतं आणि येशू ते नाकारत नाही. पण दोन देण्यांत सहा लाख पटींचा फरक आहे.

आता दासाची विनंती पुन्हा वाचा. तो माफी मागतच नाही. जरा दम धरा, सगळं फेडतो, एवढंच म्हणतो. राजा मुदत देत नाही, देणंच सोडून देतो. सोडलेली रक्कम कुठे नाहीशी होत नाही, ती राजाच्या अंगावर पडते. येशूच्या वधस्तंभावर हेच झालं, आणि रोम 5:8 सांगतं की ते आपण पापी असतानाच झालं. एक हप्तासुद्धा भरलेला नसताना.

मला वाटतं, तो दास दरबारातून बाहेर पडला तेव्हाही फेडायच्याच विचारात होता. माफी त्याच्या कानावर पडली, आत उतरली नाही. म्हणून तर तो लगेच वसुलीला लागला. सोबतीच्या दासानं जवळपास त्याचेच शब्द उच्चारले, तरी त्याला ते ओळखू आले नाहीत.

आपल्या उपकारस्तुतीतही हेच बिघडतं. "प्रभू, तू क्षमा केलीस, आता मी रोज पहाटे उठेन, अमुक दान देईन" असं आपण म्हणतो आणि आभाराचा नवस होऊन बसतो. शनिवारच्या प्रार्थनेत "करीन" हे क्रियापद येऊच देऊ नका. जे झालं तेवढंच बोला. "सर्व पापांची क्षमा कर" अशी घाऊक कबुलीही टाळा. कोणाशी खोटं बोललो, कोणाचे पैसे दाबले, ते नावानिशी कागदावर लिहा. देणं किती होतं हेच माहीत नसेल तर सुटकेचा आनंद कशाचा होणार? लिहून झालं की स्तोत्र 103 मोठ्यानं वाचा आणि कागद फाडा. मात्र दाबलेले पैसे परत करायचेच. बायबलमधल्या जकातदार जक्कयानं चौपट परत द्यायचं कबूल केलं ते येशू घरी आल्यानंतर. त्याला घरी आणण्याची ती किंमत नव्हती.

मग दुसरा कागद, 100 दिनारांचा: कोण आपलं काय देणं लागतं. भावकीतले उसने पैसे सोडायचे असतील तर पूर्ण सोडा, तसं त्याला स्पष्ट सांगा, आणि पुढे कुठल्याही लग्नकार्यात तो विषय काढू नका. अर्धवट सोडलेलं देणं नात्याला जास्त कुरतडतं.

इथे एक घोटाळा फार होतो, विशेषतः बायकांच्या बाबतीत. मारहाण करणाऱ्याला क्षमा करायची म्हणजे त्याच्या घरी परत जायचं, असं त्यांना सांगितलं जातं. हे चूक आहे. क्षमा म्हणजे सूड सोडणं. विश्वास ही वेगळी गोष्ट, तो वागणुकीतून पुन्हा मिळवावा लागतो. पोलिसांत तक्रार केलेली बाईसुद्धा प्रभुभोजनाच्या मेजाशी निर्धास्त मनानं येऊ शकते.

तुमच्यामुळे कोणी दुखावलं असेल तर मत्तय 5:23-24 प्रमाणे आधी त्याच्याकडे जा. फोनपेक्षा प्रत्यक्ष भेट बरी, आणि "पण तूसुद्धा" हे शब्द तिथे नकोत. त्यानं दार उघडलं नाही तरी रविवारी भाकर आणि प्याला घ्या. त्याचं उत्तर तुमच्या हातात नाही.