माझ्याइतकी

इंग्रजीच्या पेपरात ‘डिग्री’चा, म्हणजे तुलनेचं वाक्य अर्थ न बदलता दुसऱ्या रूपात लिहिण्याचा, प्रश्न तपासताना माझा हात सवयीने चालतो. ‘टॉलर दॅन एनी अदर बॉय’ यातला ‘अदर’ गाळला की गुण कापतो, आणि तो कापायलाच हवा. ‘अदर’ नसेल तर वर्गातला तो मुलगा स्वतःपेक्षाही उंच ठरतो!

परवा पेपर वाटल्यावर एक मुलगी टेबलाशी आली. ‘रेखा इज नॉट टॉलर दॅन मीना’ याचं पॉझिटिव्ह, म्हणजे ‘टॉलर’ऐवजी नुसतं ‘टॉल’ वापरून तेच वाक्य, करायचं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘मीना इज अ‍ॅट लीस्ट अ‍ॅज टॉल अ‍ॅज रेखा’. मी त्यावर काट मारली होती. अकरा वर्षं मी शिकवत आलो ते उत्तर वेगळं होतं: ‘रेखा इज नॉट सो टॉल अ‍ॅज मीना’. ‘नॉट’ जागेवर ठेवा, मधले शब्द बदला.

ती वाद घालत बसली नाही. मैत्रिणीला ओढून आणलं आणि तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. “सर, ही माझ्यापेक्षा उंच नाही. पण माझ्याइतकी आहे ना?”

दोघींची डोकी तंतोतंत एका रेषेत होती. म्हणजे प्रश्नातलं वाक्य त्यांना लागू होतं आणि माझं उत्तर साफ खोटं ठरत होतं. ‘पेक्षा उंच नाही’ यात बरोबरीला जागा आहे, ‘इतकी उंच नाही’ यात ती नाही. मराठीत ही चूक माझ्याकडून कधीच झाली नसती. इंग्रजीत मात्र मी अर्थ सोडून साचा शिकवत राहिलो. खरं तर इथं नावांची अदलाबदल करून ‘नॉट’ काढून टाकावा लागतो, आणि ‘अ‍ॅट लीस्ट’ असला की अर्थ पक्का होतो. त्याशिवाय दोघी अगदी सारख्या उंच आहेत, असा अर्थ घेतला जाऊ शकतो.

स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, “गाइडात तुमचंच उत्तर आहे, कशाला गुण वाढवता?” मला राग आला. मुलीच्या उत्तरावर गाइड वरचढ कसं?

तिचा गुण दिला. बाकीच्यांनी मी शिकवलं तेच लिहिलं होतं. त्यांचे कापले नाहीत. दुसऱ्या दिवशी जोड्या उभ्या करून धडा पुन्हा घेतला.

गेल्या वर्षीची मुलं आता वरच्या वर्गात आहेत, तिथं माझा तास नसतो. त्यांच्या बाईंकडून शनिवारचा एक तास मागून घेतला आहे.